बालकांतील आंत्रपुच्छदाह : पहिले चोवीस तास

पोट दुखत असल्याची तक्रार कधीच न करणारे मूल विरळाच. शाळेची वेळ झाली की पोट दुखते, परीक्षा जवळ आली की दुखते, चिंचा-बोरे जास्त खाल्ली तरी दुखते. आणि बहुतेक वेळा ते आपोआप थांबतेही. त्यामुळे मुलाच्या पोटदुखीकडे घरातील वडीलधारी मंडळी काहीशा अविश्वासानेच पाहतात. हा अविश्वास बहुधा खरा ठरतो. परंतु ज्या थोड्या प्रसंगी तो खोटा ठरतो, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणजे आंत्रपुच्छदाह, लोकव्यवहारातील 'अपेंडिक्सचे दुखणे' होय. मुलांच्या पोटावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते अशा विकारांत याचा क्रमांक पहिला आहे. शाळकरी वयात व पौगंडावस्थेत तो सर्वाधिक आढळतो. पाच वर्षांखाली तो कमी प्रमाणात होतो, पण होतो तेव्हा अधिक घातक असतो.

या विकाराचे वैशिष्ट्य असे की, औषधोपचाराइतकेच महत्त्व त्यात वेळेला आहे. पहिल्या दिवशी ओळखल्यास साधी शस्त्रक्रिया आणि दोन दिवसांचा रुग्णालयवास एवढ्यावर निभावते. तेच दुखणे तिसऱ्या दिवशी ओळखले गेले तर पोटात पू पसरलेला असतो, मूल दहा-पंधरा दिवस खाटेला खिळते, आणि काही वेळा जिवावरही बेतते.

सुरत शहराच्या संदर्भात या विषयाचा विचार करणे अगत्याचे आहे. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून यंत्रमागांवर काम करण्यासाठी गेलेली हजारो खानदेशी कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहतात. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात, घरी अहिराणी बोलतात, आणि दवाखान्यात गेल्यावर त्यांना गुजराती किंवा हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरांशी गाठ पडते. वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने हे शहर मागे नाही. मजुरा गेटजवळचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल १९६४ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. महानगरपालिकेचे 'स्मीमेर' रुग्णालय तर उमरवाड्यात, लिंबायतच्या उंबरठ्यावरच आहे. तेव्हा अडचण रुग्णालय नसण्याची नाही. मूल त्या दारापर्यंत किती तासांनी पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

विकार कसा उद्भवतो

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे पोटाच्या उजव्या खालच्या भागात करंगळीएवढी एक पोकळ नळी लोंबत असते. तिचे एक टोक आतड्यात उघडते व दुसरे बंद असते. हेच आंत्रपुच्छ. या नळीचे तोंड कधी मळाच्या कठीण खड्याने, कधी क्वचित जंताने, तर मुलांमध्ये पुष्कळदा नळीच्या भिंतीतील लसिकापेशींच्या पुंजक्यांना सूज आल्याने बंद होते. आतील स्राव साचू लागतो, दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा अडतो आणि आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू भिंतीत शिरतात. पुढे भिंत सडते व फुटते. पहिल्या चोवीस तासांत फुटण्याचे प्रमाण कमी असते. साधारणतः छत्तीस तासांनंतर ते झपाट्याने वाढते. लहान मुलांत ही मुदत याहूनही आखूड समजावी.

पोटात वपा नावाचा चरबीचा एक पदर असतो. मोठ्या माणसात तो सुजलेल्या आंत्रपुच्छाभोवती गुंडाळला जातो आणि फुटलेला पू एका जागी कोंडून धरतो. लहान मुलात हा पदर आखूड व विरळ असल्याने पू अडवणारे काही नसते. तो थेट पर्युदरात, म्हणजे पोटाच्या पोकळीच्या अस्तरात पसरतो. नळीची भिंतही मुलात पातळ असते. मुलांचे दुखणे इतक्या लवकर का चिघळते याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

आंत्रपुच्छ काढण्याची इतिहासात नोंदलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एका मुलावरच झाली, ही गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ६ डिसेंबर १७३५ रोजी क्लॉडियस अमियांड यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा अंतर्गळात आंत्रपुच्छ सापडले आणि त्यात मुलाने गिळलेली टाचणी रुतलेली होती. भूल देण्याचे तंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते. मूल वाचले. परंतु पोटाच्या उजव्या बाजूच्या या जीवघेण्या दुखण्याचे मूळ आंत्रपुच्छात असते व ते लवकर काढले पाहिजे, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी ठामपणे मांडण्यास १८८६ साल उजाडावे लागले. तोपर्यंतच्या दीडशे वर्षांत किती मुले 'पोटशूळाने' दगावली असतील याची गणती नाही.

वेदनेचा प्रवास

या विकाराची सर्वांत विश्वसनीय खूण वेदनेच्या जागेपेक्षा तिच्या प्रवासात आहे. आरंभी दुखणे बेंबीभोवती असते. ते मंद, नेमके बोट ठेवता न येणारे असते. कारण आंत्रपुच्छाच्या संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू बेंबीच्या पातळीवरच्या मज्जातंतूंबरोबर मज्जारज्जूत शिरतात आणि मेंदूला ते दुखणे बेंबीचेच वाटते. काही तासांनी सूज बाहेरच्या अस्तराला भिडली की दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि तेथे घट्ट बसते. मग मूल बोटाने जागा दाखवू शकते. कमरेच्या हाडाचे उजवे पुढचे टोक व बेंबी यांना जोडणारी रेषा कल्पिली, तर हाडापासून एकतृतीयांश अंतरावर ही जागा येते. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी ती १८८९ साली दाखवून दिली व त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते.

दुसरी खूण क्रमाची. आंत्रपुच्छदाहात बहुधा आधी पोट दुखते, मग भूक जाते, मग एक-दोन उलट्या होतात आणि त्यानंतर अंगात बेताचा ताप येतो. आधी उलट्या-जुलाब व नंतर पोटदुखी असा क्रम असेल तर तो बहुधा अन्नपाण्यातून झालेला संसर्ग असतो. आरोग्यसेविकेने मातेला 'काय काय होते?' असे विचारण्याऐवजी 'आधी काय झाले, मग काय झाले?' असे विचारावे. या एका प्रश्नाने जेवढे कळते तेवढे पुष्कळदा रक्त तपासूनही कळत नाही.

तिसरी खूण मुलाच्या हालचालीत दिसते. मुरडा आलेले मूल तळमळते, कुशी बदलते, पोट दाबून गडबडा लोळते. आंत्रपुच्छाच्या दुखण्यातील मूल उलट निपचित पडून राहते, उजवी मांडी पोटाशी घेते आणि कोणी अंथरुणाला धक्का दिला तरी कळवळते. चालावयास सांगितल्यास उजव्या अंगाला वाकून, पाय ओढत चालते. एका पायावर उडी मारावयास सांगितल्यास नकार देते. खोकताना उजवीकडे कळ येते. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयाकडे येताना वाहन गतिरोधकावरून गेले तेव्हा पोटात कळ आली काय, असे रुग्णांना विचारले गेले. ज्या चौतीस रुग्णांचा आंत्रपुच्छदाह पुढे निश्चित झाला, त्यांपैकी तेहतीस जणांनी 'होय' असे उत्तर दिले होते. कळ आली म्हणजे हाच विकार, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. कळ अजिबात न येणे ही तेवढी दिलासा देणारी गोष्ट. हे रुग्ण प्रौढ होते, तरी मुलांबाबतही हा प्रश्न उपयोगी आहे. रिक्षातून येणाऱ्या मुलाची ही परीक्षा रस्ता स्वतःच घेतो. मातेला ती आठवणीने विचारावी एवढेच.

हे सर्व पाठ्यपुस्तकातील चित्र झाले. प्रत्यक्षात जवळजवळ निम्म्या मुलांत ते पुरेपूर जुळत नाही. आंत्रपुच्छ मोठ्या आतड्यामागे दडलेले असेल तर दुखणे कमरेकडे जाणवते. ते खाली ओटीपोटात लोंबत असेल तर गुदाशय व मूत्राशय डिवचले जातात. मुलाला वारंवार थोडी थोडी शेंबडी शौचास होते किंवा लघवीला घाई होते. अशा मुलाला हगवणीचे वा लघवीच्या जंतुसंसर्गाचे औषध मिळते आणि दोन दिवस निघून जातात. हगवणीत शौचास पाण्यासारखे व भरपूर होते, येथे मात्र थोडे व वारंवार. हा भेद ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

वेळ कोठे जातो

उदाहरणादाखल लिंबायतमधील नऊ वर्षांच्या एका मुलाची कल्पना करावी. बुधवारी सायंकाळी शाळेतून आल्यावर तो 'पोट दुखस' म्हणून आडवा होतो. आई साड्यांचे धागे कापण्याच्या घरकामात गुंतलेली. वडील रात्रपाळीसाठी लूमच्या खात्यावर निघालेले. आई ओवा देते, बेंबीवर हिंग चोळते. रात्री तो जेवत नाही, एकदा उलटी करतो. शेजारीण म्हणते, बेंबी सरकली. गुजराती शेजारीण त्यालाच 'पेचोटी खसली' म्हणते, आणि दोघींचा उपाय एकच असतो, पोट चोळणे. बारा तासांची पाळी संपवून वडील सकाळी परततात. एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, तरीही ते मुलाला जवळच्या दवाखान्यात नेतात. तेथे एक इंजेक्शन व गोळ्या मिळतात. दुपारी मुलाला थोडे बरे वाटते. रात्री ताप वाढतो. मग घरात विचार होतो, गावी आजी आहे, गावचे डॉक्टर ओळखीचे आहेत, आपल्या भाषेत बोलतात. सकाळच्या गाडीने उधन्याहून निघावे. शुक्रवारी ताप्ती मार्गावरील गाडीत, व्यारा-नवापूरच्या दरम्यान कोठेतरी, मुलाची कळ एकाएकी थांबते. आईबापांना हायसे वाटते.

हे हायसे वाटणे हाच या विकारातील सर्वांत फसवा क्षण होय. ताणलेली नळी फुटली की तिच्यातील दाब नाहीसा होतो व वेदना काही काळ ओसरते. काही तासांत ती परत येते, पण आता सबंध पोटात. पोट फळीसारखे कडक होते, नाडी जलद चालते, ताप चढतो, जीभ कोरडी पडते, डोळे खोल जातात. बारा तास टिकलेले उजवीकडचे दुखणे औषधावाचून अचानक थांबणे हे बरे होण्याचे लक्षण समजू नये.

या काल्पनिक कुटुंबातील कोणाचेही वागणे निष्काळजीपणाचे म्हणता येणार नाही. प्रत्येक पायरी त्यांच्या परिस्थितीत स्वाभाविक होती. तरी दोन ठिकाणी वाट बदलता आली असती. एक, बुधवारी रात्री जेवण नाकारलेले मूल गुरुवारी सकाळी वाकून चालत होते तेव्हा. आणि दुसरे, गाडीचा विचार मनात आला तेव्हा. दुखणे सहा तासांहून अधिक चालू आहे, उजवीकडे सरकले आहे किंवा हालचालीने वाढते आहे, एवढे आढळले तर गावी जाण्याचा बेत रद्द करून थेट न्यू सिव्हिल किंवा स्मीमेर गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत मिळते. प्रवास सुरू झालाच असेल आणि वाटेत दुखणे वाढले, तर गावापर्यंत पोहोचण्याचा हट्ट न धरता रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर मदत मागावी व नंदुरबारसारख्या जिल्हा रुग्णालय असलेल्या स्थानकावर उतरावे.

सुरतेला आरोग्याच्या संकटांचा अनुभव कमी नाही. १९९४ च्या सप्टेंबरमधील प्लेगच्या वेळी याच शहरातून लाखो लोक गाड्या भरभरून आपापल्या गावी पळाले होते, आणि त्यानंतर शहराच्या सफाईची व आरोग्ययंत्रणेची नव्याने घडी बसवली गेली. ताप, अतिसार, कावीळ यांची साथ आली तर ती आज यंत्रणेच्या नजरेत लवकर येते. आंत्रपुच्छदाहाची मात्र साथ नसते. तो एकेका घरात, एकेका मुलाला होतो. त्याची पहिली नोंद घरातले माणूस किंवा वर्गशिक्षक यांनाच घ्यावी लागते.

पाच वर्षांखालील बालके

ज्याला बोलता येत नाही त्या बालकाचे निदान कसलेल्या डॉक्टरालाही चकवते. पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकांत निदान होईपर्यंत आंत्रपुच्छ फुटलेले असते. दोन-तीन वर्षांच्या बालकांत हे प्रमाण आणखी वाढते. अशा बालकात उलट्या, ताप, चिडचिड, फुगलेले पोट आणि कधी जुलाब एवढेच दिसते. ते कडेवर घेऊ देत नाही, उजवा पाय हलवू देत नाही, लंगोट बदलताना रडते. हिरवी उलटी, फुगलेले पोट आणि मलूलपणा ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर कारण कोणतेही असो, रुग्णालयास पर्याय नाही. आतड्यात आतडे शिरणे यासारखे दुसरे तातडीचे विकारही असेच प्रकट होतात.

सारखी दिसणारी दुखणी

पोटाच्या उजव्या बाजूचे प्रत्येक दुखणे आंत्रपुच्छाचे नसते. घसा दुखून गेल्यावर आतड्याजवळच्या लसिकाग्रंथी सुजतात व जवळजवळ तसेच दुखते. बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, विषमज्वर, डेंग्यू, मधुमेहाची पहिली चाहूल, एवढेच काय, उजव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनियादेखील मुलाला पोटदुखी म्हणून जाणवतो. त्यामुळे पोट दुखणाऱ्या मुलाची छातीही तपासली पाहिजे. मुलगा लाजून सांगत नाही, पण वृषणाला पीळ पडल्यास ओटीपोट दुखते आणि त्यात तर काही तासांचाच अवधी असतो. म्हणून अंगावरचे कपडे काढून तपासणी करणे आवश्यक आहे. वयात येणाऱ्या मुलीत बीजकोशाला पीळ पडण्याची शक्यता विसरू नये.

दक्षिण गुजरात व नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एका विकाराची आठवण ठेवावी लागते, तो म्हणजे सिकलसेल. भिल्ल, गावित, पावरा, चौधरी, गामीत आदी समाजांत तो बराच आढळतो. या रुग्णांना येणाऱ्या वेदनेच्या झटक्यात पोट दुखू शकते. तथापि त्यात सहसा पाठ, हातपाय व सांधेही दुखतात, आणि असे झटके पूर्वी येऊन गेलेले असतात. परंतु सिकलसेल असलेल्या मुलालाही आंत्रपुच्छदाह होऊ शकतो. तेव्हा 'याला नेहमीच दुखते' असे म्हणून थांबू नये. मुलाचे सिकलसेलचे कार्ड शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना अवश्य दाखवावे, कारण भूल देताना प्राणवायू, पाणी व शरीराची उष्णता यांची विशेष काळजी घ्यावी लागते.

घरी काय करू नये

या दुखण्यात जुलाबाचे औषध अत्यंत घातक ठरते. एरंडेल किंवा इतर रेचकाने आतड्याची हालचाल वाढते आणि सुजलेली नळी फुटण्याचा धोका वाढतो, एनिमाचेही तसेच. पोट चोळणे, तेल लावून मालीश करणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, बिब्बा घालणे हे सर्व टाळावे. 'जंत झाले असतील' म्हणून जंताची गोळी देऊन वाट पाहणे हाही वेळ घालवण्याचाच प्रकार आहे. जंत निर्मूलनाची गोळी चांगली, पण ती नेमून दिलेल्या दिवशी, निरोगी मुलाला. औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैवकाच्या दोन गोळ्यांनी लक्षणे अर्धवट दबतात व आजाराचे चित्र धूसर होते.

मुलाला खाण्याचा आग्रह करू नये. रुग्णालयात नेण्याचे ठरल्यावर जेवण, दूध बंद ठेवावे, म्हणजे भूल देण्यास विलंब होत नाही. शेवटचे काय व केव्हा खाल्ले, कोणती गोळी दिली, शौचास केव्हा झाली, हे लक्षात ठेवून सांगावे. वेदनाशामक दिल्यास निदान चुकते, अशी एक जुनी समजूत आहे. डॉक्टरांनी मुलाला तपासून वेदनाशामक दिल्याने निदानात अडथळा येत नाही असे अभ्यासांती दिसून आले आहे, त्यामुळे रुग्णालयात मुलाला विनाकारण कळा सोसायला लावण्याचे कारण उरलेले नाही.

रुग्णालयातील निदान

अनुभवी डॉक्टर मुलाशी गप्पा मारत, हात कोमट करून, न दुखणाऱ्या डाव्या बाजूपासून तपासणीस आरंभ करतात. उजवीकडे खोलवर दाबून हात एकाएकी सोडण्याची जुनी पद्धत मुलाला फार क्लेश देते व त्यानंतर ते कोणाला हात लावू देत नाही. हलक्या बोटाने ठोकून पाहिले तरी तेवढेच कळते. रक्तातील पांढऱ्या पेशी व सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन यांची वाढ निदानास पुष्टी देते. लक्षणे व तपासण्या यांना गुण देऊन दहापैकी बेरीज करण्याची मुलांसाठीची एक गुणपद्धती २००२ पासून प्रचारात आहे. खोकताना, उडी मारताना वा ठोकताना होणारी वेदना आणि उजवीकडच्या खालच्या भागातील दुखरेपणा यांना त्यात प्रत्येकी दोन गुण असून, सरकलेली वेदना, भूक नसणे, उलटी, ताप व रक्तातील दोन बदल यांना एकेक गुण आहे. कमी गुणांच्या मुलास घरी पाठवावे, अधिक गुणांच्या मुलास शल्यचिकित्सकाकडे द्यावे आणि मधल्यांची सोनोग्राफी करावी, असा तिचा सर्वसाधारण वापर होतो. कोणत्या लक्षणाला किती वजन आहे हे यावरून कळते, आणि त्यात प्रयोगशाळेपेक्षा हाताने केलेल्या तपासणीचे पारडे जड आहे, हे नजरेआड होऊ नये.

सोनोग्राफीत नळी सहा मिलिमीटरहून जाड व दाबली न जाणारी दिसल्यास निदान दृढ होते. परंतु नळी दिसलीच नाही तर आजार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. सीटी स्कॅन अधिक अचूक असले तरी वाढत्या वयात किरणांचा मारा शक्य तो टाळावा. मुळात शंका असलेल्या मुलास दाखल करून घेऊन सहा ते बारा तासांनी त्याच डॉक्टरांनी पुन्हा तपासणे, ही बिनखर्चाची पण अत्यंत प्रभावी पद्धत आहे. आईबापांना मात्र ती 'काहीच करीत नाहीत' अशी वाटते आणि ते मूल उचलून दुसरीकडे नेतात. डॉक्टरांनी मराठीत, निदान सोप्या हिंदीत, या थांबण्याचे कारण समजावून सांगितले तर पुढचा घोटाळा टळतो.

उपचार

निदान ठरताच शिरेतून सलाइन व प्रतिजैविके सुरू करतात आणि आंत्रपुच्छ काढून टाकतात. पूर्वी उजवीकडे छेद देऊनच हे करीत. जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढून दाखविल्यानंतर ती पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली. दुर्बिणीची सोय नसेल तर तिच्यासाठी मूल थांबवून ठेवू नये. वेळेवर घेतलेला लहान छेद तितकाच गुणकारी असतो. न फुटलेल्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया मध्यरात्रीच झाली पाहिजे असे नाही. प्रतिजैविके सुरू असताना, दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत ती झाली तरी चालते. रात्री दाखल झालेल्या मुलाला सकाळी टेबलावर घेतले म्हणून पालकांनी घाबरू नये.

आंत्रपुच्छ फुटले असेल तर आधी शरीरातील पाण्याची तूट भरून काढून मग शस्त्रक्रिया करतात व त्यानंतर काही दिवस शिरेतून प्रतिजैविके देतात. चार-पाच दिवस उलटून गेल्यावर आलेल्या मुलात पुष्कळदा सुजलेल्या आतड्यांचा गोळा हाताला लागतो. अशा वेळी लगेच शस्त्रक्रिया केल्यास आतड्यांना इजा होण्याचा संभव असतो, म्हणून आधी प्रतिजैविकांनी गोळा विरघळू देतात, पू साचला असल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने नळी घालून काढतात आणि आंत्रपुच्छ सहा-आठ आठवड्यांनी काढावे काय याचा निर्णय घेतात.

न फुटलेल्या आंत्रपुच्छदाहात शस्त्रक्रियेऐवजी केवळ प्रतिजैविके द्यावीत काय, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ चर्चिला जातो. पाच देशांतील ९३६ मुलांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात केवळ प्रतिजैविके दिलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांत एका वर्षाच्या आत हा उपचार अपयशी ठरला. म्हणजे तीनपैकी दोन मुले शस्त्रक्रियेवाचून निभावली, असेही म्हणता येते. ज्या कुटुंबाला रात्री-अपरात्री पुन्हा त्याच रुग्णालयात येता येते, त्याच्यासाठी हा मार्ग विचारार्ह आहे. परंतु जे कुटुंब दिवाळीला व उन्हाळ्यात गावी जाते, खोली बदलते, खाते बदलते, ज्याच्या मुलाचे दुसरे दुखणे कदाचित सातपुड्याच्या पायथ्याशी सुरू होईल, त्याच्यासाठी शस्त्रक्रियाच अधिक सुरक्षित ठरते.

खर्चाच्या भीतीनेही विलंब होतो. सरकारी व महानगरपालिकेच्या रुग्णालयांत हे उपचार मोफत वा अल्प खर्चात होतात. २०१८ पासून सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड एका राज्यात काढलेले असले तरी दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयात चालते. कार्ड जवळ असल्यास न्यावे; गावी राहिले असल्यास ते येईपर्यंत थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतर

साध्या शस्त्रक्रियेनंतर मूल दुसऱ्या दिवशी मऊ भात, खिचडी खाऊ लागते, आठवड्याभरात शाळेत जाऊ शकते. धावपळीचे खेळ तीन-चार आठवडे टाळावेत. घरी आल्यावर पाच-सात दिवसांनी पुन्हा ताप येणे, शेंबडी शौचास होणे किंवा पोट फुगणे हे पोटात खोलवर पू साचल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता परत यावे. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनीही एकाएकी मुरडून पोट दुखून हिरव्या उलट्या झाल्या, तर आतड्याला चिकटून राहिलेल्या पट्ट्यांमुळे आतडे अडले असण्याची शक्यता असते आणि तेही तातडीचे दुखणे आहे.

रुग्णालयातून मिळणारा सुटीचा कागद जपून ठेवावा. आंत्रपुच्छ काढले, की गोळा असल्यामुळे ते पोटातच ठेवले, हे त्यावर लिहिलेले असते. पोटावर व्रण दिसला म्हणजे आंत्रपुच्छ काढले असेल असे गृहीत धरले जाते, आणि पू काढण्यासाठी नळी घातल्याच्या व्रणाने धुळे-जळगावकडील डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. कागद गुजरातीत असेल तर सुटी मिळण्यापूर्वीच त्यावर 'आंत्रपुच्छ काढले' किंवा 'काढलेले नाही' एवढे दोन शब्द मराठीत किंवा हिंदीत लिहून मागावेत, त्याची एक प्रत गावच्या घरी ठेवावी, आणि काढलेले नसल्यास परत येण्याची तारीख शाळेच्या वर्गशिक्षकांनाही सांगून ठेवावी.